हवामान यंत्राची फाइल उघडताना तारीख, वेळ तपासा

फळछाटणीनंतर द्राक्ष बागेत केवडा रोगाचा धोका ओळखण्यासाठी पाने किती तास ओली राहिली आणि त्या वेळी तापमान किती होते, हे पाहावे लागते. बागेतील डेटा लॉगरमध्ये या नोंदी असतात. मात्र त्याची फाइल संगणकावर कधी उघडत नाही, तर कधी उघडूनही चुकीचे आकडे दाखवते. दुसरी अडचण जास्त घातक, कारण ती लक्षातच येत नाही.

आधी मूळ फाइलची प्रत वेगळी ठेवा. एक्सेलमध्ये उघडून सहज ‘सेव्ह’ केले तरी मूळ नोंदी बदलू शकतात. प्रत नोटपॅडमध्ये उघडून पाहा. आकडे, शब्द वाचता आले तर ती साधी मजकूर फाइल आहे. नावाच्या शेवटी डीएटी असो की टीएक्सटी, ती एक्सेलमध्ये घेता येते. नुसती विचित्र चिन्हे दिसली तर यंत्रासोबतच्या सॉफ्टवेअरमधूनच ती सीएसव्ही स्वरूपात काढावी लागते. उदा. होबो लॉगरची फाइल होबोवेअरमध्ये उघडते. फाइलचे फक्त नाव बदलून उपयोग होत नाही.

तारखेत सर्वाधिक गोंधळ होतो. यंत्र दिवस आधी लिहिते आणि संगणक अमेरिकी पद्धतीवर असेल, तर ३ नोव्हेंबरचा ११ मार्च होतो. ओळखण्याची खूण सोपी आहे: १ ते १२ तारखा रकान्यात उजवीकडे, तर १३ पासूनच्या डावीकडे चिकटलेल्या दिसतात. विंडोजच्या ‘रीजन’ सेटिंगमध्ये इंग्लिश (इंडिया) निवडून फाइल पुन्हा उघडावी.

काही यंत्रे जागतिक वेळ नोंदवतात. ती भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते. स्वच्छ उन्हाच्या दिवशी कमाल तापमान दुपारी दोन-तीनऐवजी सकाळी नऊच्या सुमारास दिसले, तर हीच शंका घ्यावी. पहाटे २ ते ८ पर्यंतचा ओलावा अशा फाइलमध्ये आदल्या रात्री ८.३० ते २.३० असा दिसतो. पाने रात्रीच सुकली समजून आपण सकाळी ओल्या पानांवर फवारणीला निघतो.

सेन्सर बंद पडल्यावर अनेक यंत्रे -९९९ सारखा आकडा लिहितात. २० अंशांच्या २३ नोंदींत असा एकच आकडा मिसळला, तरी दिवसाची सरासरी उणे २२ अंशांवर जाते. असे कप्पे रिकामे करूनच सरासरी काढावी. तिथे शून्य भरू नये.