वाद आणि वाटा, लेखांक ६ : बंद दाराआडच्या तडजोडी

कायद्याच्या बहुतेक प्राध्यापकांचा कच्चा माल म्हणजे निकालपत्रे. करार कायद्याचा अभ्यासक निकाल वाचतो, दोन निकालांमधली विसंगती हेरतो आणि तिच्यावर लेख लिहितो. आंतरराष्ट्रीय व्यापारी मध्यस्थीचा अभ्यासक पहिल्याच पायरीवर अडतो. मध्यस्थी गोपनीय असते. खोलीत कोण काय म्हणाले, कोणी किती सोडले, हे बाहेर जाणार नाही या भरवशावरच दोन्ही पक्ष तिथे बसतात. वाद मिटला की निकालपत्र निघत नाही. निघतो तो दोघांच्या सह्यांचा करारनामा, आणि तो दोघांच्या कपाटांत बंद होतो.

वाचायला हाती काही नसताना या विषयात आयुष्यभराचे संशोधन करायचे कसे?

गेल्या लेखांकात लवादाची घडी कशी बसली ते पाहिले. १९५८च्या न्यूयॉर्क करारामुळे एका देशातला लवादाचा निवाडा दुसऱ्या देशातले न्यायालय मान्य करते आणि वसुलीचा मार्ग मोकळा होतो. भारत १९६०पासून त्यात आहे. मध्यस्थीच्या पाठीशी असे काहीच नव्हते. समजा, नाशिकच्या निर्यातदाराची द्राक्षे रॉटरडॅमला उतरली आणि मालात कूज निघाली म्हणून खरेदीदाराने पैसे अडवले. मध्यस्थ बसला, ठरलेल्या रकमेचा मोठा हिस्सा तीन हप्त्यांत द्यायचे ठरले, सह्या झाल्या. पहिल्या हप्त्यानंतर खरेदीदार गप्प बसला, तर निर्यातदाराच्या हाती काय उरते? आधी विक्रीचा करार मोडला होता, आता तडजोडीचा मोडला. म्हणजे परदेशात नव्याने दावा लावणे आले.

वकिलांनी यावर एक तोड काढली होती. मध्यस्थीत ठरलेले कलम न् कलम एखाद्या लवादापुढे ठेवायचे आणि त्याच्याकडून संमतीचा निवाडा घ्यायचा, म्हणजे न्यूयॉर्क कराराची दारे उघडतील. अभ्यासकांनी इथे नेमके बोट ठेवले. तो करार पक्षकारांमधल्या मतभेदांतून आलेल्या निवाड्यांसाठी आहे. वाद मिटल्यानंतर नेमलेल्या लवादापुढे मतभेद उरतोच कुठे? या प्रश्नावर पानेच्या पाने लिहिली गेली, आणि ते योग्यच होते, कारण कोट्यवधींची तडजोड त्याच्या उत्तरावर टिकणार किंवा ढासळणार होती. भारताच्या १९९६च्या कायद्याने, कलम ७४मध्ये, समेटाच्या करारनाम्याला लवादाच्या निवाड्याचा दर्जा देऊन टाकला होता. पण परक्या न्यायालयाने तो मानलाच पाहिजे, असे कुठे होते?

या कोंडीतून वाट शोधणाऱ्यांमध्ये एस. आय. स्ट्राँग यांचे नाव महत्त्वाचे. न्यूयॉर्क, लंडन आणि शिकागो इथे वकिली करून त्या अध्यापनात आल्या आणि मिसुरी विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात रुजू झाल्या. पुढे सिडनी आणि एमोरी विद्यापीठांतही त्यांनी शिकवले. मिसुरीला या विषयाची जुनी परंपरा आहे. तिथे १९८४मध्ये वाद निवारणाच्या अभ्यासाचे स्वतंत्र केंद्र निघाले. तिथलेच लेनर्ड रिस्किन यांनी १९९४मध्ये मध्यस्थांच्या पद्धतींचा एक तक्ता मांडला होता: कोणता मध्यस्थ पक्षकारांना फक्त बोलते करतो, कोणता दाव्याच्या बऱ्यावाईटाबद्दल स्वतःचे मत देतो, कोण प्रश्नाकडे अरुंद नजरेने पाहतो, कोण व्यापक. त्यावर वर्षानुवर्षे वाद झडले आणि २००३मध्ये रिस्किन यांनी स्वतःच तो तक्ता बदलला. आपल्या सर्वांत गाजलेल्या मांडणीची अशी उलटतपासणी करायला धैर्य लागते.

स्ट्राँग यांनी दुसरी वाट धरली. कागद मिळत नसतील तर माणसांना विचारायचे. अमेरिकेने २०१४मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा आयोगापुढे, म्हणजे अन्सिट्रलपुढे, प्रस्ताव ठेवला: मध्यस्थीतून झालेल्या तडजोडींसाठी न्यूयॉर्क करारासारखा करार करावा. त्याच वर्षी स्ट्राँग यांनी निरनिराळ्या देशांतले वकील, मध्यस्थ, कंपन्यांचे विधी सल्लागार, प्राध्यापक अशा दोनशेहून अधिक जणांना प्रश्नावली पाठवून त्यांची उत्तरे जमवली. आंतरराष्ट्रीय करार झाला तर आपल्या देशात मध्यस्थीला चालना मिळेल, असे जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांनी सांगितले. अन्सिट्रलच्या कार्यगटात फेब्रुवारी २०१५मध्ये चर्चा सुरू व्हायच्या आत प्राथमिक अहवाल तयार होता.

या आकड्यांच्या मर्यादाही ध्यानात घ्यायला हव्यात. उत्तरे देणारे याच क्षेत्रातले, स्वतःहून पुढे आलेले लोक होते आणि त्यांनी सांगितले ते मत; प्रत्यक्ष वागणूक निराळी असू शकते. तरीही तोवर असा करार हवा की नको, यावरची चर्चा बरीचशी अंदाजांवर चालत होती. तिथे कोणीतरी पद्धतशीरपणे विचारून आणलेली माहिती ठेवणे, ही या क्षेत्रातल्या प्राध्यापकाची खरी कामगिरी.

कार्यगटाचे अध्यक्षपद सिंगापूरच्या नॅटली मॉरिस-शर्मा यांच्याकडे होते. काही शिष्टमंडळांना बंधनकारक करार हवा होता, काहींना फक्त नमुना कायदा. फेब्रुवारी २०१७मध्ये पाच वादग्रस्त मुद्द्यांची एकत्रित तडजोड झाली आणि दोन्ही करायचे ठरले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २० डिसेंबर २०१८ रोजी करार स्वीकारला. ७ ऑगस्ट २०१९ रोजी सिंगापुरात तो सह्यांसाठी खुला झाला, तेव्हा त्या एका दिवसात ४६ देशांनी सह्या केल्या. त्यांत अमेरिका, चीन आणि भारत होते. १२ सप्टेंबर २०२० पासून करार अमलात आला.

अभ्यासकांच्या प्रश्नांना त्याने पूर्णविराम दिला नाही, नवे प्रश्न दिले. कलम ४च घ्या. अंमलबजावणी मागणाऱ्याने पक्षकारांच्या सह्यांचा करारनामा दाखवायचा आणि तो मध्यस्थीतूनच झाला याचा पुरावाही द्यायचा: मध्यस्थाची सही, त्याचा वेगळा दाखला, संस्थेचे प्रमाणपत्र किंवा न्यायालयाला पटेल असा अन्य पुरावा. कलम साधे दिसते. पण कित्येक मध्यस्थ करारनाम्यावर सही करायला कचरतात; उद्या आपल्यालाच त्यात पक्ष धरले तर, ही भीती असते. कलम ५ तर आणखी नाजूक आहे. मध्यस्थाने आपल्या आचारसंहितेचा गंभीर भंग केला आणि तसे झाले नसते तर पक्षकाराने सहीच केली नसती, असे दिसल्यास न्यायालय अंमलबजावणी नाकारू शकते. ते सिद्ध करायचे तर बंद खोलीतले बोलणे उघड करावे लागेल. मग गोपनीयतेचे काय? सिंगापूर मॅनेजमेंट युनिव्हर्सिटीच्या नाजा अलेक्झांडर यांनी शौयू चोंग यांच्यासह या कराराचे कलमवार भाष्य लिहिले आहे. नव्या अभ्यासकाने सुरुवात तिथून करावी.

भारताने पहिल्याच दिवशी सही केली, अनुमोदन मात्र अद्याप दिलेले नाही. २०२३च्या मध्यस्थी कायद्याचे कलम २७ तडजोडीच्या करारनाम्याला न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखे बळ देते आणि एक पक्ष परदेशी असला तरी चालते. अट एकच, मध्यस्थी भारतात झालेली हवी. ती सिंगापुरात किंवा लंडनमध्ये झाली तर हा कायदा उपयोगी पडत नाही. ही त्रुटी मोठी आहे आणि ती लवकर भरून निघायला हवी.

भारतातल्या संशोधकाला मात्र एक सोय आहे. तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल, तर व्यापारी दाव्याआधी मध्यस्थीचा प्रयत्न सक्तीचा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑगस्ट २०२२ रोजी ‘पाटील ऑटोमेशन’ खटल्यात ठामपणे सांगितले. त्यासाठीच्या २०१८च्या नियमांत नमुने ठरलेले आहेत. समोरचा पक्ष आलाच नाही तर नमुना ३, तडजोड झाली तर ४, फिसकटली तर ५. राज्य विधी सेवा प्राधिकरणाने ही आकडेवारी दर तिमाहीला प्रसिद्ध करायची आहे. खोलीतले एक वाक्यही न उघडता जिल्ह्याजिल्ह्यांत नमुना ३ किती निघतात, ४ किती, हे मोजता येते. मुंबई, पुणे, नागपूरच्या विधी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी याहून जवळचा विषय शोधावा लागणार नाही.

(पुढील लेखांकात : गुंतवणूकदार आणि सरकार यांच्यातले वाद)