पत्त्यांच्या डावात सैतान येऊन बसला? आयर्लंडच्या लॉफ्टस हॉलची गोष्ट

आयर्लंडच्या वेक्सफर्ड परगण्यात हुक नावाचं द्वीपकल्प आहे. तिथे उघड्या माळावर, समुद्राच्या वाऱ्यात एक प्रचंड वाडा उभा आहे, लॉफ्टस हॉल. २०१४ मध्ये एका पर्यटकाने काढलेला त्याचा फोटो व्हायरल झाला. खिडकीत मुलगी दिसते, असं लोक म्हणू लागले. ती मुलगी म्हणजे अ‍ॅन.

आख्यायिका १८ व्या शतकातली आहे. तेव्हा वाड्यात चार्ल्स टॉटनहॅम आपल्या कुटुंबासोबत राहत होते. एका वादळी रात्री एक अनोळखी तरुण आसरा मागायला आला. पाहुणचार झाला, मुक्काम वाढला, चार्ल्स यांची मुलगी अ‍ॅन त्याच्यात गुंतली. एका रात्री पत्त्यांचा डाव रंगला असताना अ‍ॅनच्या हातातून एक पान खाली पडलं. ते उचलायला ती टेबलाखाली वाकली, तर पाहुण्याला पायच नव्हते, दुभंगलेले खूर होते! तिने किंकाळी फोडली आणि तो आगीचा लोळ होऊन छत फोडून गेला.

आपल्याकडे भूत ओळखायचं उलट्या पायांवरून, तिथे सैतान ओळखायचा खुरांवरून.

पुढे म्हणे अ‍ॅनला वेड लागलं. घरच्यांनी तिला एका खोलीत कोंडलं आणि तिथेच ती गेली. मग वाड्यात विचित्र आवाज येऊ लागले, तेव्हा कॅनन ब्रॉडर्स नावाच्या धर्मगुरूंनी येऊन भूत काढलं.

आता इतिहास बघा. इथला मूळ वाडा रेडमंड घराण्याने १३५० च्या सुमारास बांधला. क्रॉमवेलच्या स्वारीनंतर रेडमंडांची जमीन गेली आणि १७ व्या शतकात लॉफ्टस घराणं इथे आलं. पण आज दिसणारी वास्तू १८७० च्या दशकातली आहे. चौथे मार्क्वेस ऑफ इली यांनी जुना वाडा जवळपास पाडून नवा बांधला. त्यांच्या आई राणी व्हिक्टोरियाच्या सेवेत होत्या. राणी मुक्कामाला येईल, या आशेवर हा थाट केला असं सांगतात. राणी काही आली नाही. म्हणजे सैतानाने छत फोडलंच असेल, तर ते या घराचं नव्हे!

शिवाय ही गोष्ट एकट्या या वाड्याची नाही. डब्लिनजवळच्या माँटपेलियर टेकडीवरच्या हेलफायर क्लबबद्दलही हेच सांगतात. तसाच पाहुणा, तसंच पडलेलं पान, तेच खूर.

नंतर वाड्यात जोगिणींचा मठ झाला, हॉटेल निघालं, भुताच्या सहली सुरू झाल्या आणि २०१७ च्या 'द लॉजर्स' या भयपटाचं शूटिंगही झालं.

गोष्टीतून खूर, आग, छत बाजूला काढलं, तर उरतं काय? मन बिघडलेली एक तरुण मुलगी आणि तिला खोलीत बंद करणारं घर. त्या काळात हे सैतानाशिवायही घडत होतं.