साग, भरती आणि मुंबईची गोदी

मुंबईचा इतिहास आपण बहुधा जमिनीच्या अंगाने सांगतो. सात बेटे, भराव, किल्ल्याचा तट, मग गिरण्या आणि चाळी. पाण्याच्या बाजूने पाहिले तर मात्र या शहराची खरी सुरुवात एका सुताराच्या स्थलांतरापासून धरावी लागते. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून कारागिरांची टोळी घेऊन मुंबईत आले. ईस्ट इंडिया कंपनीला आपली जहाजे इथेच बांधायची आणि दुरुस्त करायची होती. सुरतेच्या तापीत गाळ साचत होता. मुंबईच्या बंदराला वाऱ्याचा आडोसा होता, खोली होती आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मोठी भरती होती.

भरतीचा हा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा, कारण सगळी गोदी त्यावर उभी आहे. अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या उधाणाला मुंबईत पाणी चार मीटरच्या वर चढते-उतरते. दगडी बांधकामाचा हौद करायचा, भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घ्यायचे, ओहोटीला पाणी उतरले की दरवाजे लावायचे. जहाजाचा तळ कोरडा, उघडा, माणसांच्या हाताशी येतो. १७५० साली लवजींनी अशी कोरडी गोदी बांधायला घेतली. आशियातली ती पहिली मानली जाते. पुढच्या पंधरा वर्षांत तिला आणखी कप्पे जोडले गेले आणि १८१० पर्यंत शेजारी डंकन गोदी उभी राहिली. दोन्ही गोद्या आज नौदलाच्या आवारात आहेत, त्यामुळे लायन गेटवरून रोज ये-जा करणाऱ्या हजारोंना त्या दिसत नाहीत.

१७५० च्याच दशकात मुंबईच्या दक्षिणेला दुसरी गोष्ट संपत होती. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले, तरी त्यांच्या घराण्याच्या गुराबा आणि गलबतांनी कंपनीला चैन पडू दिली नव्हती. विजयदुर्गाजवळ गिर्ये इथे खडक फोडून केलेली आंग्र्यांची गोदी अजून पाहायला मिळते. भरतीचा उपयोग त्यांनाही ठाऊक होता. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह समुद्रावरून विजयदुर्गावर चालून आले, आणि तिथल्या तुळाजी आंग्र्यांचा काटा काढायला कंपनीला हाताशी धरले होते ते नानासाहेब पेशव्यांनी. एका जहाजावर तोफगोळा पडला, आग पसरली आणि नांगरलेले आरमार बंदरातच जळाले. मला हा मराठी इतिहासातला फार मोठा तोटा वाटतो, कित्येक गाजलेल्या रणांगणी पराभवांपेक्षाही मोठा. कोकणात जहाजबांधणीची विद्या होती, माणसे होती, लाकूड होते. तिच्या पाठीशी राज्य उरले नाही. मुंबईच्या गोदीला मग या किनाऱ्यावर तोलामोलाचा प्रतिस्पर्धी राहिला नाही.

वाडियांच्या जहाजांची ख्याती झाली ती सागामुळे. मलबारच्या जंगलांतून साग समुद्रमार्गे मुंबईला येई. इंग्लंडची जहाजे ओकची. ओकच्या लाकडातले आम्ल लोखंडी खिळे खाते. सागातले तेल उलट खिळ्याला सांभाळते आणि लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यालाही सहज शिरू देत नाही. कारागिरीही वेगळी होती. पश्चिम किनाऱ्याचे सुतार फळीच्या कडेला खाच पाडून दुसरी फळी तिच्यात बसवत, मध्ये राळेत भिजवलेला कापूस दाबत. नेपोलियनशी लढता लढता इंग्लंडला ओकची चणचण भासू लागली, तेव्हा ब्रिटिश नौदलाला मुंबईची आठवण झाली. जून १८१० मध्ये जमशेटजी बमनजी वाडियांनी चौऱ्याहत्तर तोफांचे ‘मिंडेन’ पाण्यात सोडले. या दर्जाचे मोठे लढाऊ जहाज ब्रिटिश नौदलासाठी ब्रिटनबाहेर बांधले जाण्याची ही पहिलीच वेळ. (अमेरिकेचे राष्ट्रगीत याच जहाजावर लिहिले गेले, असे मुंबईत अभिमानाने सांगतात. ते खरे नाही. फ्रान्सिस स्कॉट की तेव्हा तहाचे निशाण लावलेल्या अमेरिकन जहाजावर होता. मिंडेनला उसन्या मोठेपणाची गरजही नाही.)

१८१३ चे ‘कॉर्नवॉलिस’ आठवताना अभिमान अडखळतो. पहिल्या अफूच्या युद्धानंतर २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह याच जहाजावर झाला आणि हाँगकाँग ब्रिटिशांकडे गेले. ज्या अफूसाठी ते युद्ध झाले तिचा मोठा हिस्सा मुंबई बंदरातूनच चीनला जात होता. आपल्या गोदीचे कौतुक करताना हेही सांगितले पाहिजे. १८२४ च्या ‘एशिया’ची कामगिरी निराळी: १८२७ मध्ये नवारिनोच्या लढाईत ते ॲडमिरल कॉड्रिंग्टनचे प्रमुख जहाज होते, आणि त्या लढाईने ग्रीसच्या स्वातंत्र्याचा मार्ग मोकळा केला.

या साऱ्यांत टिकले ते ‘त्रिंकोमाली’. त्याचे नकाशे घेऊन निघालेले ‘जावा’ हे जहाज १८१२ च्या अखेरीस ब्राझीलजवळ अमेरिकनांनी जिंकले. नकाशे गेले, नवी प्रत पाठवावी लागली. १८१६ मध्ये बांधणी सुरू झाली, जमशेटजींनी रिवाजाप्रमाणे चांदीचा खिळा ठोकला आणि १२ ऑक्टोबर १८१७ ला जहाज तरंगले. तोवर नेपोलियनचे युद्ध संपून दोन वर्षे झाली होती. इंग्लंडला पोहोचल्यावर ते पाव शतक नुसते नांगरून पडले. पुढे दहा वर्षे अटलांटिक आणि पॅसिफिकमध्ये फिरले, मग खलाशीपण शिकवणारे जहाज झाले, १८९७ मध्ये विकले गेले, नाव बदलून जवळपास नव्वद वर्षे तेच काम करत राहिले. १९८७ मध्ये ते उत्तर इंग्लंडमधल्या हार्टलपूलला नेले आणि २००१ पर्यंत त्याची दुरुस्ती चालली. निम्म्याहून अधिक लाकूड मूळचे आहे. पाण्यावर तरंगत असलेले हे सर्वांत जुने ब्रिटिश लढाऊ जहाज. मी तर त्याला मुंबईची वास्तू म्हणेन. १८३३ साली पुऱ्या झालेल्या टाउन हॉलपेक्षाही ते जुने आहे. जमशेटजींचे नाव त्याच्याबरोबर घेतले जाते. करवत ओढणारे, वाफेवर फळ्या वाकवणारे, सांधे भरणारे यांची नावे कोणी घेत नाही.

वाफेची ताकदही मुंबईने लवकर ओळखली. इथेच बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट १८३० मध्ये सुएझला जाऊन आली. अर्देसर खरशेदजी वाडिया वाफेच्या यंत्रांचे जाणकार झाले आणि १८४१ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले, पहिले भारतीय. पण लोखंडी जहाजांचे युग ग्लासगो आणि न्यूकॅसलचे ठरले. मुंबई बांधणारी न राहता माल उतरवणारी झाली: १८८० ची प्रिन्सेस डॉक, मग व्हिक्टोरिया, १९१४ ची अलेक्झांड्रा. १४ एप्रिल १९४४ ला ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज याच व्हिक्टोरिया गोदीत स्फोट होऊन फुटले. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणातल्या कितीतरी घरांत त्या बोटीचे नाव आजही सहज घेतले जात नाही.

माझगाव गोदीत आता पुन्हा युद्धनौका बांधल्या जातात, याचा मला मनापासून आनंद आहे. जुने जहाज जतन करण्याची एक मोठी संधी मात्र मुंबईने गमावली. १९७१ च्या युद्धात लढलेली जुनी विमानवाहू नौका ‘विक्रांत’ १९९७ मध्ये निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईतच संग्रहालय म्हणून उभी राहिली, २०१२ मध्ये बंद झाली आणि २०१४ च्या अखेरीस दारूखान्यात तोडायला घेतली. हे जहाज न्यूकॅसलच्या टाइन नदीवर बांधले होते. हार्टलपूल तिथून पन्नासेक किलोमीटरवर आहे.