डोक्यावरचें टक्कल आणि पदरचा पैसा

भर्तृहरीच्या नीतिशतकांत एका टकल्याची गोष्ट आहे. उन्हानें डोकें तापलें म्हणून बिचारा झाडाखालीं गेला, तों वरून मोठें फळ पडून त्याचें डोकें फुटलें. दैव ज्याच्या पाठीस लागलें त्यास कोठेंही थारा नाहीं, हें त्या श्लोकाचें तात्पर्य. हा श्लोक आम्ही वर्गांत पुष्कळ वर्षें शिकविला; आणि दर वर्षीं ‘खल्वाट’ हा शब्द येतांच बांकाबांकांवरून हंसूं फुटे. त्या शब्दाचें उदाहरण मुलांच्या समोरच खुर्चीवर बसलेलें असे! आम्हीही हंसत असूं. परंतु गेल्या वर्षीं आमच्या पुतण्यानें हा विषय काढला, तेव्हां मात्र हंसूं आलें नाहीं.

मुलगा सव्वीस वर्षांचा, मिळवता, शांत स्वभावाचा. दोन ठिकाणांहून नकार आला. कारण कोणीं सांगितलें नाहीं. पण यानें तें स्वतःच्या कपाळावर वाचलें. मग घरीं न सांगतां एका केशोपचारवाल्याकडे त्यानें वर्षभर पगारांतला मोठा भाग भरला. हातीं काय उरलें, तर तेलाच्या रिकाम्या बाटल्या. “काका, तुम्हीं हें कसें सोसलेंत?” असें त्यानें विचारलें. उत्तर देण्यापूर्वीं आम्ही त्यास त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे नेलें. तेथें जें कळलें व पुढें वाचून जें पडताळून पाहिलें, तें वाचकांपुढें ठेवितों.

पहिली गोष्ट ही कीं, केस गळणें हा एकच एक रोग नव्हे. मनुष्याच्या डोक्यावर सुमारें एक लाख केस असतात. प्रत्येक केस २ ते ६ वर्षें वाढतो, सुमारें तीन महिने विसावा घेतो आणि गळतो. म्हणून रोज ५० ते १०० केस जाणें हें प्रकृतीचेंच लक्षण होय. विषमज्वर किंवा मोठी शस्त्रक्रिया झाल्यावर दोन-तीन महिन्यांनीं केस मुठीनें जातात. ते बहुधा आपोआप परत येतात. चाई लागते तेव्हां गोल चट्टे पडतात. तेथें शरीराची रक्षणशक्तीच केसांच्या मुळांवर उलटलेली असते, व तिचे उपचार निराळे. पुरुषांत सर्वाधिक आढळणारें टक्कल मात्र कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून व टाळूवरून हळूहळू पसरतें. तें आनुवंशिक.

षंढांस टक्कल पडत नाहीं, असें ग्रीक वैद्य हिपोक्रेटीस याच्या नांवावरील सूत्रांत नमूद आहे. त्याचा उलगडा अमेरिकेंतील जेम्स हॅमिल्टन यानें १९४२ सालीं केला. शरीरांतील पौरुषद्रव्य आणि आनुवंशिक प्रवृत्ति हीं दोन्हीं एकत्र आलीं म्हणजे केसांचीं मुळें आक्रसत जातात, व दर खेपेस येणारा केस अधिक बारीक व आंखूड निघतो. ही प्रवृत्ति केवळ आजोळकडून येते हा समज खरा नाहीं. ती दोन्ही कुळांकडून येते. टोपी घातल्यानें किंवा रोज न्हाल्यानेंही हें टक्कल पडत नाहीं.

आतां उपाय. मिनॉक्सिडिल हें मूळचें रक्तदाबाचें औषध. तें घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढूं लागले, म्हणून तें डोक्यास लावण्याची युक्ति निघाली. १९८८ सालीं अमेरिकेंत तीस मान्यता मिळाली. आरंभीं कांहीं केस उलट अधिक गळतात. गुण दिसण्यास चार ते सहा महिने लागतात. आणि औषध सोडलें कीं मिळविलेलें कांहीं महिन्यांत जातें. दुसरें फिनॅस्टराइड, ही पोटांत घेण्याची गोळी. १९९७ पासून टकलासाठीं मान्य. तिनें पुष्कळांचें गळणें थांबतें. परंतु कांहींस कामेच्छा मंदावण्याचा व मन खिन्न होण्याचा त्रास होतो. गर्भवतीनें फुटलेल्या गोळीस स्पर्श करूं नये. उतारवयांतील पुरुषानें प्रोस्टेट ग्रंथीसाठीं रक्त तपासतांना ही गोळी चालू असल्याचें सांगावें, कारण तिच्यामुळें तो आंकडा सुमारें निम्मा दिसतो. तिसरें केशरोपण. मानेवरचे केस पुढें लाविले तरी आपला चिवट स्वभाव सोडीत नाहींत, हें १९५९ सालीं ऑरेन्ट्राइक यांनीं दाखविलें. पण मागची पुंजी मर्यादित, व भोंवतालचे मूळचे केस गळावयाचे ते गळतातच.

सारांश, आहे तें राखणें सोपें, गेलेलें आणणें कठीण. म्हणून उपाय करणें तर लवकर, वैद्याच्या सल्ल्यानें आणि पुढें सतत. आजीच्या तेलानें केस मऊ होतात, डोकें शांत होतें. त्यानें आक्रसलेलीं मुळें जागीं होत नाहींत. ‘टक्कल हमखास घालवूं’ म्हणणाऱ्यापासून तर दूरच राहावें. आपल्या देशांतील औषधांच्या १९४५ च्या नियमांतील ‘जे’ परिशिष्टांत, ज्या विकारांवर कोणत्याही औषधानें बरें करण्याचा दावा करूं नये, त्यांत टकलाचेंही नांव आहे.

पुतण्यानें डोक्यास लावण्याचें औषध तेवढें घेतलें, गोळी नको म्हटलें. त्याच्या प्रश्नाचें उत्तरही आम्हीं मग दिलें: “आम्हीं सोसलें नाहीं रे, आमची सोय झाली होती. लग्न आधीं झालें आणि केस मागाहून गेले.” तो पुष्कळ दिवसांनीं हंसला. उपवर मुलींच्या आईबापांस मात्र एवढेंच विनवितों कीं, मुलाचा पगार, प्रकृति, शील सर्व पाहावें. कपाळाची रुंदी मोजूं नये. ती पुढें बहुतेकांची वाढतेच.