नेट न्यूट्रॅलिटी आणि खुल्या बाजाराचा विचार



‘नेट न्यूट्रॅलिटी’ हा शब्द आपण वर्तमानपत्रांत वाचला असेल. मराठीत त्याला इंटरनेटची तटस्थता म्हणतात. शब्द परका वाटतो, पण त्यामागचा प्रश्न मराठवाड्याच्या माणसाला नवा नाही. वाट ज्याच्या ताब्यात आहे, त्याने वाटेवरून जाणाऱ्या मालात आपपरभाव करावा काय, एवढाच तो प्रश्न आहे. आज त्याचा विचार एका बाजूने करायचा आहे. बाजार मोकळा असावा, सरकारने त्यात हात घालू नये, असे मानणारी एक विचारसरणी आहे. आपल्याकडे ती शेतकरी संघटनेच्या चळवळीतून खेड्यापाड्यांत पोचली. या विचाराच्या माणसाने नेट न्यूट्रॅलिटीचा सरकारी नियम मान्य करावा की नाकारावा?

आधी नियम समजून घेऊ. मोबाइल कंपनीचे काम हे वाहतुकीचे काम आहे. हवामानाचा अंदाज असो, लातूरच्या बाजारातला तुरीचा भाव असो, की मुलाचा अभ्यासाचा धडा असो, तो आपल्या फोनपर्यंत आणून पोचवायचा. नेट न्यूट्रॅलिटीचा नियम म्हणतो की, ही वाहतूक करताना कोणाचा माल आहे हे पाहून दर किंवा वेग बदलू नका. याचा अर्थ सर्वांना सारखेच पैसे, असा मात्र नव्हे. जास्त डेटा वापरला तर जास्त पैसे पडतील, आणि ते रास्तच आहे. ओझे जास्त तर भाडे जास्त. पण एका व्यापाऱ्याचे पोते फुकट आणि दुसऱ्याच्या त्याच वजनाच्या पोत्याला दुप्पट भाडे, हे चालणार नाही.

हे तत्त्व काही आजचे नाही. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या १८९० च्या रेल्वे कायद्यात असे कलमच होते की, रेल्वेने कोणा एका गिऱ्हाइकाला गैरवाजवी झुकते माप देऊ नये. त्या काळी कितीतरी रेल्वे खासगी कंपन्यांच्या होत्या. कुर्डुवाडीहून बार्शीमार्गे लातूरला येणारी अरुंद मापाची बार्शी लाइट रेल्वेही कंपनीचीच होती. सरकारने ती १९५४ साली घेतली. रूळ कंपनीचे असले तरी वाहतुकीत पंक्तिप्रपंच नको, हे कायद्याने तेव्हाच ओळखले होते.

आता आपल्या देशात काय घडले ते पाहू. २०१५ च्या फेब्रुवारीत फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या मदतीने एक योजना भारतात आणली. पुढे तिचे नाव ‘फ्री बेसिक्स’ झाले. ठराविक संकेतस्थळे फुकट मिळतील, बाकीच्यांना पैसे, असे तिचे स्वरूप होते. कोणती संकेतस्थळे घ्यायची त्याच्या अटी फेसबुकने ठरवायच्या. त्याच वर्षी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, लोकांची मते मागविली, तेव्हा दहा लाखांवर ई-मेल गेले. डिसेंबरच्या अखेरीस फेसबुकच्या प्रमुखांनी एका इंग्रजी दैनिकात लेख लिहून योजनेची बाजू मांडली, आणि त्यात दाखला दिला तो महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचा! हा शेतकरी फुकट सेवेवर हवामान पाहतो, बाजारभाव पाहतो, मग त्याला विरोध का, असा त्यांचा सवाल होता. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने निकाल दिला. मजकूर पाहून डेटाचे वेगवेगळे दर लावण्यास मनाई झाली. मोडल्यास दिवसाला ५० हजार रुपये, जास्तीत जास्त ५० लाखांपर्यंत दंड. आणीबाणीच्या प्रसंगाला तेवढी सूट ठेवली. पुढे जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने वेगातही भेदभाव नको हे तत्त्व मान्य केले.

सवाल शेतकऱ्याच्या नावाने केला गेला, म्हणून शेतकऱ्याच्या चळवळीतल्या विचाराने तो तपासून पाहणे योग्य होईल.

शरद जोशी यांनी १९७९ साली शेतकरी संघटना उभी केली. त्याआधी ते टपाल खात्यात अधिकारी होते आणि १९६८ पासून काही वर्षे स्वित्झर्लंडमधल्या बर्न येथे जागतिक टपाल संघटनेच्या कार्यालयात होते. त्यांच्या मांडणीची दोन सूत्रे होती : शेतकऱ्याला बाजारपेठेचे स्वातंत्र्य हवे, आणि तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य हवे. महाराष्ट्रात १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी होती. आपल्या किनवट-धर्माबादच्या शेतकऱ्याला पलीकडच्या राज्यात बरा भाव मिळत असला तरी तिकडे कापूस नेण्याची मुभा नव्हती. संघटनेचा लढा अशा नाकेबंदीविरुद्ध होता. जोशी यांचे १२ डिसेंबर २०१५ रोजी, म्हणजे हा वाद ऐन भरात असताना, निधन झाले. नेट न्यूट्रॅलिटीचे मत त्यांच्या तोंडी घालण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्या सूत्रांनी गणित सोडविले तर उत्तर काय येते, ते आपण पाहू.

पहिले उत्तर नियमाच्या विरुद्ध येते. टॉवर कंपनीने उभारला, भांडवल तिचे, तोटा झाला तर तिचा. मग दर तिनेच ठरवावा. गिऱ्हाइकाला पटले नाही तर तो दुसऱ्या कंपनीकडे जाईल. आज चांगल्या हेतूने केलेला नियम उद्या परवाना राज्याचे दार उघडतो, हा अनुभव आपल्याला आहेच. शिवाय फुकट देणे हा काय गुन्हा आहे? किसान कॉल सेंटरला फोन केला तर शेतकऱ्याला पैसे पडत नाहीत, ते दुसरा कोणी भरतो. आणि डेटा स्वस्त झाला तो कशाने? सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ बाजारात उतरली, चढाओढ लागली, म्हणून झाला. नियमाने झाला नाही.

या युक्तिवादात तथ्य आहे, ते झटकून टाकता येणार नाही. पण त्याच सूत्रांनी दुसरेही उत्तर येते. मोबाइलचा धंदा हा खरोखर खुला बाजार आहे काय? ज्या लहरींवर तो चालतो त्या कंपनीच्या मालकीच्या नाहीत. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितले. सरकार त्या मोजक्या कंपन्यांना लिलावाने वापरायला देते. कोणालाही उठून मोबाइल कंपनी काढता येत नाही. म्हणजे बाजाराच्या तोंडाशी सरकारनेच मोजकी दारे ठेवली आहेत. त्या दारावर बसलेल्याने आत कोण जाईल हे ठरविले, तर तो बाजार कसला? ती करोडगिरी झाली. निजामी अमलात जकातीच्या खात्याला करोडगिरी म्हणत, ते आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. नाका सरकारी असला काय आणि कंपनीचा असला काय, माल अडलेल्याला फरक पडत नाही.

फुकटाचेही तसेच. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही संघटनेची घोषणा होती. फुकट मिळालेल्या चार संकेतस्थळांवर एकाच व्यापाऱ्याचा भाव दिसत असेल, तर वाचलेले पाच रुपये तुरीच्या एका क्विंटलमागे कितीतरी पटींनी वसूल होतील. भाव पाहण्याचे स्वातंत्र्य म्हणजे सगळे भाव पाहण्याचे स्वातंत्र्य. नांदेडच्या एखाद्या तरुणाने भाव सांगणारे नवे ॲप काढले, तर त्यालाही बड्या कंपनीइतकीच मोकळी वाट हवी. तेच तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य.

मग गरिबाला काहीच द्यायचे नाही काय? समाजवादी विचाराचा माणूस म्हणेल, सरकारने द्यावे. येथे दोन्ही विचारांना जवळ आणणारी एक वाट आहे. डिसेंबर २०१६ मध्ये ट्रायने अशी शिफारस केली होती की, ग्रामीण ग्राहकाला महिन्याला १०० एमबीपर्यंत डेटा मोफत द्यावा, आणि तो कोणत्याही एका कंपनीशी बांधलेला नसावा. म्हणजे शिधा कोणता घ्यायचा ते सांगायचे नाही, हातात पैसे द्यायचे. मग तो भाव पाहील, धडा वाचील, नाहीतर भजन ऐकेल. निवड त्याची.

माझ्या मते खुल्या बाजाराच्या विचाराशी प्रामाणिक असणाऱ्याने एवढा नियम मान्य करावा : वाट देणाऱ्याने माल निवडू नये. त्यापलीकडे दर किती, वेग किती, हे चढाओढीवर सोडावे. आणि उद्या बाजार इतका मोकळा झाला की गावोगावी दहा वाटा उपलब्ध असतील, तर नियमाची गरज पुन्हा तपासावी. अमेरिकेत हा नियम २०१५ साली आला, २०१७ मध्ये गेला, २०२४ मध्ये परत आला आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने रद्द केला. तेव्हा आपल्याकडचा प्रश्नही कायमचा मिटला, असे समजून निर्धास्त राहू नये.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. वरच्या वर्गांत हा विषय काढा. मुलांच्या हाती फोन आहेच. एखादी फुकट योजना पुढे आली की तीन प्रश्न विचारायला त्यांना शिकवा : पैसे कोण भरतो? यादी कोणी केली? आणि यादीत जो नाही, त्याला आत येण्याची वाट आहे काय? शेतकरी बांधवांनीही हे तीन प्रश्न लक्षात ठेवावेत. आडतीवर माल घातल्यावर आपण काट्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहतो. फोनमधल्या काट्याकडेही तसेच पाहायला हवे.