पट्टी, ठेका आणि मंडळीचा गळा

रविवारच्या उपासनेत कोणती गीतं म्हणायची, हे बहुतेक मंडळ्यांत शनिवारपर्यंत ठरतं. पाळक उपदेशाचा उतारा कळवतात. पेटीवाला ‘उपासना संगीत’ चाळून तीन-चार क्रमांक काढतो आणि तरुण संघातलं कुणीतरी व्हॉट्सअॅपवर दोन नव्या गाण्यांच्या लिंक टाकतं. वादाला तोंड इथेच फुटतं. वडीलधाऱ्यांना नवी गाणी गोंगाट वाटतात, पोरांना जुन्या गीतांनी जांभया येतात. मग तडजोड होते, दोन जुनी आणि दोन नवी. कागदावर ही वाटणी न्याय्य दिसते, पण उपासनेत बऱ्याचदा फसते. मंडळी गाणार की ओठ मिटून उभी राहणार, याचा गाण्याच्या वयाशी फारसा संबंध नसतो. गाणं कुठल्या पट्टीत धरलं, ठेका कुणी धरला आणि शब्द तोंडात बसतात का, यावर सगळं अवलंबून असतं.

सोलापुरात तर ‘जुनं’ म्हणजे नेमकं काय, हाच पहिला प्रश्न. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले, १८३१ मध्ये अहमदनगरला गेले आणि १८६० च्या दशकात सोलापुरात त्यांचं काम उभं राहिलं. त्यांच्या पेटाऱ्यात न्यू इंग्लंडची भजनपुस्तकं होती. चार आवाजांत बांधलेल्या चाली, आयझॅक वॉट्सच्या वळणाची कडवी, साथीला पायपेटी. या गीतांची मराठी भाषांतरं झाली आणि चाली तशाच राहिल्या. पण इंग्रजी पद्य आघातावर चालतं, मराठी पद्य अक्षरांवर आणि मात्रांवर. त्यामुळे ‘देवाच्या’ म्हणताना लांबलचक स्वर नेमका ‘च्या’वर येऊन बसतो आणि देव बिचारा घाईत उरकला जातो. दीडशे वर्षं म्हणून म्हणून आपल्याला ते खटकेनासं झालं आहे, एवढंच.

दुसरं जुनं याच मातीतलं. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं ते ओवीत. नगरकडे कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ मध्ये वारले, तेवढ्या चोवीस वर्षांत मराठी मंडळीच्या तोंडी अभंग, पदं, आरत्या देऊन गेले. आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून, असं ते सांगत. तुकोबांचा विठोबा ज्या पंढरपुरात उभा आहे ते याच जिल्ह्यात, सोलापूरपासून सुमारे ७० किलोमीटरवर. त्यामुळे इथल्या ख्रिस्ती घरातल्या आजीला टाळांचा ठेका कुणी शिकवावा लागत नाही. टिळकांचं एक गीत निकोल मॅकनिकोल या स्कॉटिश मिशनऱ्याने इंग्रजीत नेलं आणि ते पाश्चात्त्य भजनपुस्तकांत पाश्चात्त्य चालीवर छापलं गेलं. देवाणघेवाण एकेरी नव्हती.

तिसरा प्रवाह मोबाइलमधून येतो. हिंदी, इंग्रजी आणि, शहराच्या पूर्व भागात तेलुगूभाषक घरं मोठ्या संख्येने असल्यामुळे, तेलुगूही. म्हणजे तोल सांभाळायचा तो दोघांत नसून तिघांत. आणि या तिघांच्या वाद्यांच्या, लयीच्या गरजा अगदी वेगळ्या आहेत.

सुरुवात पट्टीपासून करावी. माझ्या मते निम्मी भांडणं इथेच मिटतात. नवं गाणं ऐकलं जातं ते ध्वनिमुद्रित, आणि ते गाणारा बहुधा तयारीचा, उंच आवाजाचा गायक असतो. पहिलं कडवं तो खालच्या सप्तकात गुणगुणतो आणि ध्रुपदाला एकदम वर उडी मारतो. आपला गिटारवाला तीच पट्टी उचलतो. परिणाम असा की पहिल्या कडव्यात स्त्रियांना खालचे स्वर लागत नाहीत, ध्रुपदात पुरुषांना वरचे लागत नाहीत आणि संपूर्ण गाणं फक्त माइकवरच्या चौघांचं होतं. लोक म्हणतात, नव्या गाण्यांत भक्ती नाही. भक्ती असेलही, गळा पोचत नाही.

उपाय सोपा आहे. गाण्यातला सर्वांत उंच स्वर पेटीवर शोधा. तो वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनच्या पलीकडे जात असेल तर पट्टी उतरवा. सरावलेला गायक दोन सप्तकं फिरतो, सर्वसाधारण मंडळी सव्वा सप्तकात फिरते. सप्तकाची उडी असेल तर ती काढून टाका, दोन्ही भाग एकाच सप्तकात म्हणा. आपल्याकडे भजनं बहुधा काळी एकमध्ये धरतात, आणि गिटारवाल्यांना ती अडचणीची वाटते. पहिल्या पडद्यावर कॅपो लावून सी मेजरच्या आकारांनी वाजवलं की झालं. या एवढ्याशा गोष्टीवरून पेटीवाला आणि गिटारवाला एकमेकांशी बोलत नाहीत, अशा मंडळ्या आहेत.

ठेक्याचं गणित वरवर जुळतं आणि आत फसवतं. भजनी ठेका आठ मात्रांचा, केरवा आठ मात्रांचा, आणि ड्रमवर वाजणारा चारचा ठेकाही आठांत बसतो. दादऱ्याच्या सहा मात्रा पाश्चात्त्य तीनच्या चालींशी जुळतात. मग बिघडतं कुठे? वजनात. ड्रमवाला दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर जोर देतो. अभंग म्हणणारी मंडळी समेवर झुकते आणि टाळ प्रत्येक मात्रेला असतो. दोन्ही एकाच वेळी पूर्ण जोरात वाजले की गाणारा नकळत अर्धी मात्रा मागे-पुढे होतो. शिवाय अभंग संथ सुरू होऊन शेवटी चढत जातो. ही चढती लय हाच त्याचा प्राण, आणि ऱ्हिदम मशिन ती लय एका जागी खिळवून टाकतं. म्हणून अभंगाला ढोलकी किंवा तबला पुढे, टाळ सोबत, ड्रमवाल्याने हवं तर फक्त खर्जाचा ठोका द्यावा आणि लय बदलेल तसं ढोलकीकडे बघत राहावं. भाषांतरित जुन्या गीतांचं नेमकं उलटं आहे. ती चार आवाजांच्या भाराने उभी राहतात. त्यांना ड्रम लावला की कवायत होते. एखादं कडवं सगळी वाद्यं थांबवून म्हणून पाहावं.

कॉर्ड्सबद्दल थोडं सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण जुन्या गीताला ‘नवा साज’ चढवताना सर्वांत जास्त नासधूस इथे होते. भैरवीतलं पद घ्या. रे, ग, ध, नी कोमल. गिटारवाला षड्जावर मायनर कॉर्ड धरतो, तिथपर्यंत ठीक. पण ओळ संपताना सवयीने त्याचा हात पंचमावरच्या मेजर कॉर्डवर जातो, आणि त्या कॉर्डमध्ये शुद्ध निषाद असतो. गाणाऱ्या बाईच्या गळ्यात कोमल निषाद. दोघं एकमेकांवर आदळतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, बाईचा सूर गेला. तिथे कोमल रिषभावरची मेजर कॉर्ड वाजवून षड्जावर यावं. तिचे तिन्ही स्वर, म्हणजे कोमल रे, मध्यम आणि कोमल ध, भैरवीतलेच आहेत. यमनात शुद्ध मध्यमावरची मेजर कॉर्ड टाळावी आणि रिषभावरची मेजर घ्यावी, म्हणजे तीव्र मध्यम शाबूत राहतो. एवढं जमत नसेल तर षड्ज-पंचम धरून गप्प बसावं. तंबोऱ्याने काही शतकं तेवढंच केलं आहे.

शब्दांच्या बाबतीत माझं मत वडीलधाऱ्यांच्या बाजूने निम्मंच आहे. नव्या गाण्यांत एकच ओळ दहादा म्हणतात, ही त्यांची तक्रार मला पटत नाही. भजनात पालुपद किती वेळा येतं ते मोजून पाहावं. पण दुसरी तक्रार खरी आहे. हिंदी-इंग्रजीवरून ओढूनताणून केलेल्या मराठी ओळी लक्षात राहत नाहीत. मोठ्या अभंगाची सहा-सहा-सहा-चार अक्षरांची बांधणी, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक, यामुळे तो पुस्तक नसतानाही तोंडी राहतो. वीज गेली की पडद्यावरचं गाणं जातं. म्हणून नवं गाणं निवडताना, मूळ मराठीत रचलेलं मिळत असेल तर आधी ते घ्यावं. तेलुगू गाणं असेल तर त्याचं कच्चं भाषांतर करण्यापेक्षा एक कडवं तेलुगूतच म्हणावं. सोलापूरच्या कानांना ती भाषा परकी नाही.

आता क्रम. पहिलं गीत सगळ्यांना पाठ असलेलंच हवं, लोक अजून चपला काढत असतात. नवं गाणं उपासना सुरू होण्याआधी दहा मिनिटं शिकवावं, मग अर्पणाच्या वेळी गायकवृंदाने म्हणावं आणि पुढचे तीन-चार रविवार तेच ठेवावं. दर आठवड्याला नवं आणणं हा नवेपणाचा मोह आहे, त्यातून एकही गाणं मंडळीचं होत नाही. प्रभुभोजनाला संथ अभंग, टाळ हलके, ड्रम बंद. उपदेशानंतरच्या गीतात प्रयोग करू नयेत.

परवानगीचा प्रश्न हल्ली विचारला जातो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाणं म्हटलं तर हक्कभंग होत नाही. मात्र गाण्यांची पुस्तिका छापणं किंवा दुसऱ्याचा ट्रॅक वापरून व्हिडिओ काढणं ही वेगळी गोष्ट, तिथे परवानगी मागावी. कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, त्यामुळे टिळकांच्या रचना केव्हाच मोकळ्या झाल्या आहेत.

त्या रचनांचे शब्द छापील आहेत, चालींची मात्र काळजी वाटते. जुन्या पदांवर ‘चाल’ म्हणून दुसऱ्या पदाची ओळ लिहायची रीत होती. नाटकाच्या पुस्तकात तीच, भजनाच्या वहीत तीच. आता ते मूळ पदच कुणाला ठाऊक नसतं. चाल उरली आहे ती फक्त म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात, आणि गावागणिक तिला वेगळं वळण आहे. तरुण संघाने दोन नव्या गाण्यांच्या लिंक टाकाव्यात, आणि त्याच आठवड्यात एका आजीचं गाणं मोबाइलवर नोंदवूनही घ्यावं. नोंदवताना पेटी बंद ठेवावी, नाहीतर तिची मींड पेटीच्या पट्ट्यांत अडकते. आधी एकदा हातावर ताल धरून, मग ताल सोडून, असं दोनदा गाऊन घ्यावं. गीताचा क्रमांक, गावाचं नाव आणि चाल तिने कुणाकडून घेतली, हे सुरुवातीला तिलाच बोलायला सांगावं.