खाज थांबली, बुरशी वाढली

पाऊस झाला, कापसाच्या निंदणीला जोर आला, की जळगाव-धुळ्याकडच्या औषधाच्या दुकानांत एक मागणी हमखास ऐकू येते : "भाऊ, खाजनी ट्यूब दे." ट्यूब एकच मागितली जाते, पण तिच्यामागची खाज एकच असते असं नाही.

पहिली खाज गाजरगवताची. १९५०च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदलं गेलेलं हे तण आज बांधाबांधावर आहे. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्याची काहींना ॲलर्जी होते. पापण्या, मान, कोपराची खोबण लाल होते, पाणावते, आग होते. दुसरी खाज गजकर्णाची, म्हणजे बुरशीची. परकराची नाडी किंवा पँटचा पट्टा जिथे घट्ट बसतो आणि भिजलेला कपडा दिवसभर अंगावरच वाळतो, तिथे ती धरते. नीट पाहिलं तर गोल चट्टा दिसतो : कड उंचावलेली, खवलेदार, मधला भाग निवळलेला.

दुकानात मिळणाऱ्या अशा ट्यूबमध्ये अनेकदा स्टिरॉइड असतं. ते पेशीत शिरून दाह पेटवणाऱ्या जनुकांना आवर घालतं आणि रक्तवाहिन्या आकुंचित करतं. म्हणून लाली उतरते, खाज थांबते. १९५२ मध्ये सल्झबर्गर आणि विटन यांनी त्वचेवर हायड्रोकॉर्टिसोन यशस्वीपणे वापरलं, तेव्हापासून इसबाच्या असंख्य रुग्णांना शांत झोप मिळाली आहे. गाजरगवताच्या ॲलर्जीतही हे औषध खरोखर गुणकारी ठरतं.

गजकर्णात मात्र हाच गुण घात करतो. तिथली लाली म्हणजे बुरशीशी लढणारं शरीर. स्टिरॉइडने तो पहाराच झोपतो. दोन दिवसांत बरं वाटतं, कड पुसट होते आणि बुरशी आतल्या आत पसरत राहते. ट्यूब थांबवली की खाज दुप्पट जोराने परतते, म्हणून पुन्हा तीच ट्यूब! रूप पालटलेल्या या गजकर्णाला डॉक्टर 'टिनिया इन्कॉग्निटो' म्हणतात. शिवाय टर्बिनाफिन या बुरशीवरच्या नेहमीच्या औषधाला दाद न देणारी बुरशीही आता देशात पसरली आहे; २०२० मध्ये तिला 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' हे नाव मिळालं.

म्हणून ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन ही स्टिरॉइडची नावं. बुरशीच्या औषधासोबत एकाच ट्यूबमध्ये मिसळलेली असली, तरी ती स्टिरॉइडच. क्लोबेटासोल तर हायड्रोकॉर्टिसोनपेक्षा शेकडो पट तीव्र. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. गोरं होण्यासाठी ती तोंडाला लावणं तर फारच घातक : त्वचा पातळ होते, पुरळ उठतं, उन्हात चेहरा पेटतो.

डॉक्टरांनी मलम दिलं तर घाबरूही नका. मोजून लावा. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली एक रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. ती बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. फक्त चट्ट्यावर, पातळ थर, सांगितले तेवढेच दिवस. पापण्या, जांघ आणि लहान मुलांची कातडी औषध फार शोषते. तिथे मनाने काही लावू नका. वरून पट्टी बांधू नका. गाजरगवताची ॲलर्जी असेल तर निंदणीला पूर्ण बाह्यांचा सदरा घाला आणि घरी येताच अंघोळ करा. संपर्क तुटला नाही, तर कोणतंही मलम पुरं पडणार नाही.

जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. केसपेपर काढा, त्वचारोग विभागात चट्टा दाखवा. तिथे खवले खरवडून, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, की बुरशीचे धागे दिसू शकतात. पण दाखवायला जायचं ते ट्यूब लावण्याआधी. कारण दोन दिवसांच्या स्टिरॉइडने पहिल्यांदा पुसली जाते ती गजकर्णाची कड, आणि रोग ओळखायची खूण तीच असते.